दात जाण्याआधीचं रेकॉर्डिंग

नानांचे वरचे सगळे दात काढायचे ठरले, त्याच दिवशी ऑडिओ इंटरफेस ही वस्तू आमच्या घरात शिरली. म्हणजे आधी नुसतं तिचं नाव शिरलं. वस्तू यायला पुष्कळ वेळ लागला, आणि ती आल्यावर जे काही झालं ते बघता आपण नावावरच थांबायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

नाना म्हणजे माझे सासरे, रामभाऊ. शोभना त्यांची एकुलती एक मुलगी, त्यामुळे सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे इंदूरला, स्नेहलतागंजात राहायला आले. येताना त्यांनी एक कपड्यांची पेटी आणली आणि एक वाजवायची. कपड्यांची कपाटावर गेली, वाजवायची आमच्या डोक्यावर बसली. नाना मिलमध्ये टाइमकीपर होते, पण ते त्यांना कुणी विचारलं तरच आठवतं. एरवी ते भजनी मंडळाचे रामभाऊ. अभंगांना, गौळणींना स्वतःच्या चाली लावायच्या आणि मंडळाकडून म्हणवून घ्यायच्या, हे त्यांचं आयुष्य. मंडळातले बरेचसे आता वर गेले, एक मुलाकडे नागपूरला गेला, आणि चाली तेवढ्या नानांकडे उरल्या.

दाताच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून सांगितलं, "काका, वरच्या हिरड्यांनी राजीनामा दिलाय. महिनाअखेरच्या शुक्रवारी सगळे काढून टाकू."

नानांनी दुखेल का हे विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "मग स चं काय?"

"सा? संगीतातला?"

"तो सा राहील हो माझ्याकडे. हा स. स, त, द, थ. ही दातांवरची अक्षरं."

डॉक्टर म्हणाले, कवळीची सवय व्हायला काही महिने लागतात, काहींना होतच नाही. घरी आल्यावर नाना जिन्यात थांबून म्हणाले, "श्रीहरीराव, दात जायच्या आधी माझ्या चाली रेकॉर्ड करून टाका."

आता मला सांगा, ह्याला कोण नाही म्हणेल? मी तर लगेच फोन काढला. एक गौळण घेतली. मधेच एका लोनवाल्या बाईंचा फोन आला आणि गौळण तिथेच तुटली. उरलेली ऐकवली, तर नाना म्हणाले, "हा तर विहिरीत पडलेला माणूस मदत मागतोय."

इथे माझी पहिली चूक झाली. मी ही गोष्ट ऑफिसात बोललो.

आमच्या विमा ऑफिसात शंतनु म्हणून एक मुलगा पुण्याहून बदलून आलाय. गिटार वाजवतो. इंदूरला येऊन वर्ष झालं तरी पोह्यावर सेव बघून अजून दचकतो. तो म्हणाला, "सर, फोन नाही. तुम्हाला चांगला माइक लागेल, आणि इंटरफेस."

"ते काय असतं?"

"माइक आणि कॉम्प्युटर यांच्या मधला दुभाषी समजा. माइकचं कॉम्प्युटरला कळत नाही. इंटरफेस त्याला समजावून सांगतो."

मला वाटलं, एक दुभाषी घेऊन टाकू, संपलं. पण शंतनुने मला लिंका पाठवायला सुरुवात केली. एका वाहिनीचा की दोन वाहिन्यांचा? एक म्हटलं तर नानांचा आवाज येईल, पेटीचं काय? दोन म्हटलं तर, "सर, उद्या तबला आला तर?"

"तबला कुठून येणार?"

"फ्युचर प्रूफ असावं, सर."

ज्या माणसाचे दात महिनाअखेरपर्यंतच टिकणार आहेत त्याच्यासाठी मी फ्युचर प्रूफ वस्तू शोधत बसलो. रोज जेवणानंतर व्हिडिओ बघायचे. प्रत्येकात एक दाढीवाला तरुण अर्धा तास डब्या उघडून, बटणं फिरवून, शेवटी सांगतो की तुमची गरज काय त्यावर अवलंबून आहे. हे मला व्हिडिओच्या आधीही माहीत होतं. कुठल्याशा डबीवर एकशेब्याण्णव किलोहर्ट्झ लिहिलेलं मी नानांना कौतुकाने दाखवलं.

"ते कुत्र्यांना ऐकू जातं," नाना म्हणाले. "आमच्या मंडळात कुत्रं नव्हतं."

खाली देवेंद्रजी राहतात. त्यांचं टेंट हाउस आहे, सोबत साउंडही देतात. इंदूरमध्ये कुठल्याही विषयावर सल्ला देण्यासाठी शेजारी असणं पुरेसं असतं, इथे तर त्यांचा धंदाच तो. जिन्यात गाठून म्हणाले, "भिया, केने वाले के रिये हें तुम डबी ले रिये हो? इत्ती सी डबी में क्या होगा? मेरे पास सोलह चैनल का मिक्सर पड़ा हे, ले जाओ!"

"देवेंद्रजी, गाणारा एकच आहे."

"तो पंद्रह खाली रखना." मग आवाज खाली आणून म्हणाले, "और एक बात. उसमें फैंटम पावर होता हे. अड़तालीस वोल्ट. फैंटम मतलब समझते हो? भूत!"

हे त्यांनी नानांच्या देखत सांगायला नको होतं. माइकला वीज लागते आणि ती त्याच तारेतून जाते, एवढंच ते प्रकरण. पण नानांनी ठरवलं की आपण माइकपासून एक हात लांब बसणार. "दात उपटायला डॉक्टर आहे," ते म्हणाले, "झटका देऊन पाडायची गरज नाही."

शेवटी निवड कशी झाली ते सांगतो. मध्यमवर्गीय माणूस कुठलीही वस्तू, पंखा असो की पलंग, खालून दुसरी घेतो. सगळ्यात स्वस्त घेतली तर लाज वाटते, तिसरीपासून झोप लागत नाही. मी खालून दुसरा इंटरफेस घेतला. दोन वाहिन्या, लाल रंग, सोबत एक माइक आणि हेडफोन. नाना म्हणाले, वस्तू माझ्यासाठी आहे तर माझ्या नावाने मागवा. ही दुसरी चूक.

पार्सल आधी स्नेहनगरला गेलं. स्नेह एवढं वाचून कुरिअरवाला भावनेच्या भरात तिकडे वळला असावा. तिथून 'पत्ता अपूर्ण' असा शेरा घेऊन ते पोलोग्राउंडच्या गोदामात जाऊन बसलं. मी ऑफिसातून अर्धी रजा टाकून गेलो. खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, "जिनके नाम का हे, उनको लाओ."

दुसऱ्या दिवशी भर उन्हात नानांना स्कूटरवर मागे बसवून, बंद पडलेले कारखाने आणि चालू असलेल्या ट्रकांच्या मधून नेलं. खिडकीवर आधार कार्ड दिलं. त्यावर नाव रामचंद्र. पार्सलवर रामभाऊ.

"ये तो दो आदमी हें," खिडकी म्हणाली.

"एकच आहे," मी म्हणालो. "म्हणजे, एक ही हें. भाऊ प्यार से बोलते हें."

"प्यार सिस्टम में नई आता, साहब."

मी पन्नाशी ओलांडलेला माणूस. ऑफिसात माझ्या सहीने लोकांचे दावे मंजूर होतात. आणि मी एका खिडकीसमोर आपले सासरे एकच आहेत हे सिद्ध करत उभा होतो. शेवटी नाना पुढे सरकले आणि म्हणाले, "भैया, शुक्रवार को मेरे दाँत जा रहे हें. मुझे उसके पहले गाना हे. तुमको जो लिखवाना हे लिखवा लो." त्या माणसाने नानांकडे बघितलं, पार्सल पुढे सरकवलं, आणि काहीही लिहवून घेतलं नाही. येताना नाना स्कूटरवर मागे बसून गुणगुणत होते. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला माझ्याकडे बघायला लागला.

डबी आली तरी ती जोडायची कशाला? माझा लॅपटॉप ऑफिसचा. डबी लावली की पडद्यावर येतं, हे उपकरण धोरणात बसत नाही. हेड ऑफिसच्या आयटी विभागात विनंती टाकली. सुरुची नावाच्या बाईंचं उत्तर आलं: कामकाजाच्या दृष्टीने कारण द्या. मी लिहिलं, ज्येष्ठ नागरिकाचं ध्वनिमुद्रण. त्यांनी विचारलं, ज्येष्ठ नागरिक पॉलिसीधारक आहेत का? आहेत, लिहिलं. मग ध्वनिमुद्रण दाव्याशी संबंधित आहे का? इथे मी खरं बोललो, आणि विनंती 'समाधानकारकरीत्या निकाली' निघाली. समाधान कुणाचं झालं ते त्यात नव्हतं.

मग आमची मुलगी अबोली नोकरीसाठी पुण्याला जाताना टाकून गेलेला लॅपटॉप आठवला. त्याचा पासवर्ड तिने फोनवर इतक्या हळू सांगितला की मी पुढे काही विचारलं नाही. लॅपटॉप सुरू झाला, पण त्याच्या पंख्याचा आवाज असा की शोभनाला वाटलं मी स्वयंपाकघरात मिक्सर लावलाय.

म्हणून योजना अशी ठरली. नाना आणि माइक आतल्या खोलीत, दार बंद. लॅपटॉप, डबी आणि मी बाहेर हॉलमध्ये. तार दाराखालून. खिडक्यांवर रजया टांगल्या. मे महिना. पंखा बंद. सकाळी कचरा गाडी गाणं वाजवत येते, ती जाऊ द्यायची, मग स्टेशनवरच्या शिट्ट्यांच्या मधली फट धरायची. हे सगळं जमून यायला गुरुवार उजाडला. शुक्रवारी दात जाणार होते.

गुरुवारी सकाळी नानांनी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, पेटीला नमस्कार केला आणि माइकपासून एक हात लांब बसले. मी बाहेर हेडफोन चढवले. डबीवर हिरवा दिवा लागला आणि कानात नानांचा आवाज उतरला, अगदी शेजारी बसल्यासारखा. श्वाससुद्धा ऐकू येत होता. लॅपटॉपवर लाल गोल दाबला, रेघा हलायला लागल्या. मी दाराशी जाऊन अंगठा दाखवला, दार लावलं, आणि नानांनी डोळे मिटले.

ते दुपारपर्यंत गायले. घाम पुसायला थांबायचे, पाण्याचा घोट घ्यायचे, पुन्हा सुरू. मधेच शोभनाच्या कुकरच्या शिट्ट्या झाल्या, मधेच देवेंद्रजी येऊन डोकावून गेले. पण डबीची तार आतल्या खोलीत होती, हॉलमधलं काही तिला कळणार नव्हतं. सगळं झालं तेव्हा नाना बाहेर आले. सदरा अंगाला चिकटलेला. "आलं का हो नीट?" त्यांनी विचारलं.

"फर्स्ट क्लास," मी म्हणालो. हेडफोनमधून मी ते स्वतः ऐकलं होतं.

संध्याकाळी देवेंद्रजींनी त्यांचा लग्नातला मोठा स्पीकर वर आणला आणि कचोऱ्याही. शंतनु आला. नाना मधल्या खुर्चीत बसले, वरचे दात अजून जागेवर होते. मी बटण दाबलं.

आधी घर्रर्र असा आवाज आला. लॅपटॉपचा पंखा. मग कुकरची शिट्टी. फार लांब, कुणी दुसऱ्या मोहल्ल्यात भजन म्हणत असावं तसं काहीतरी ऐकू येत होतं. आणि मग भरदार, स्वच्छ, लग्नाच्या स्पीकरमधून माझा आवाज आला:

"शोभना, अजून किती आहेत गं?"

"हळू बोला."

"अगं दार बंद आहे. मला सांग, वरचा सा यांना शेवटचा कधी लागला होता? आपल्या लग्नात?"

कानाला हेडफोन असले की माणूस कुजबुजतोय असं त्याला वाटतं, पण तो ओरडत असतो. हे मला त्या संध्याकाळी कळलं. मी स्पेसबार दाबला. लॅपटॉप अडकला, पण आवाज नाही अडकला.

"दात जातायत ते एका परीने बरंच. दोन महिने तरी शांतता मिळेल."

आणि शोभनाचा आवाज, समजूत घातल्यासारखा: "असू दे हो. म्हातारपणीची हौस आहे."

देवेंद्रजींनी उठून स्पीकरची पिन ओढली. तरी लॅपटॉप आपल्या लहान आवाजात पुढे बोलतच राहिला, भाजीत मीठ कमी आहे वगैरे. शेवटी शंतनुने त्याची बॅटरीच काढली. मग पडेल आवाजात म्हणाला, "सर, सॉफ्टवेअरमध्ये इनपुट लॅपटॉपचाच माइक राहिला होता. इंटरफेस निवडलाच नव्हता." म्हणजे दुभाषी सकाळभर तयार होऊन बसला होता आणि त्याला कुणी आत बोलावलंच नव्हतं. माझ्या कानात तो थेट नानांना ऐकवत होता, तेवढंच.

नाना माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत. जावयाकडून त्यांची काही अपेक्षा नसावी. ते शोभनाला म्हणाले, "पंचविशीत पहिली चाल लावली मी, बेटा. तेव्हा कुठे होतं म्हातारपण?" आणि आत जाऊन त्यांनी पेटीचं झाकण लावलं. कचोऱ्या तशाच राहिल्या. हे आमच्या घरात या आधी कधी झालं नव्हतं.

शुक्रवारी दवाखान्यात मीच घेऊन गेलो. रिक्षात मी माफी मागायला दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा रिक्षावाल्याला वाटलं वळायचंय. दुसऱ्यांदा नानांनी विचारलं, "डॉक्टरांनी खाऊन यायला सांगितलं होतं ना?" मला धीर आला तो परतताना, त्यांच्या तोंडात कापूस असताना. समोरचा माणूस काही बोलू शकत नाही अशा वेळी माफी मागणं किती सोपं असतं! सगळं बोलून टाकलं. नानांनी कापसाकडे बोट दाखवलं आणि बाहेर बघत राहिले.

त्यानंतर घरात खरंच शांतता झाली. मी मागितलेली. नाना उपरण्याने तोंड झाकून खिचडी खायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. पेटी बंद. डबी टेबलावर, लाल. मी ऑफिसात उगाच उशिरापर्यंत बसायला लागलो. शोभना माझ्याशी बोलायची, पण गॅस संपला, दूध नासलं, एवढंच. रडताना मी तिला पाहिलं नाही. पण पोळ्या लाटताना ती अचानक थांबायची.

पुढच्या आठवड्यात रविवारी दुपारी मी पेपर घेऊन पडलो होतो. हॉलमधून पेटीचा सूर आला. उठून बघतो तर शोभना. लग्नानंतर ती कधी पेटीला बसली नव्हती. नानांची एक गौळण तिने सुरू केली, चाचपडत, लहानपणी ऐकलेली. दुसऱ्या ओळीत ती घसरली. मलाही कळलं, म्हणजे बघा.

आतून आवाज आला, "कोमल!"

तिने पुन्हा म्हटलं, पुन्हा तिथेच चुकली. मुद्दाम की काय, ते तिने मला आजवर सांगितलेलं नाही.

"निफाद कोमल आहे तिथे! कोमल!" आणि नाना स्वतः बाहेर आले, उपरणं न घेता, वरचा ओठ आत गेलेला. तिला बाजूला सारलं नाही. शेजारी बसले आणि ती जागा गाऊन दाखवली, शब्दांशिवाय, नुसत्या 'आ'कारात. ती तिच्या गळ्यात बसेपर्यंत पुन्हा पुन्हा. मग माझ्याकडे बघितलं, गुरुवारनंतर पहिल्यांदा.

"श्रीहरीराव, मफीन लावा."

शोभना म्हणाली, "नाना, पण शब्द..."

"फब्द पुफ्तकात आहेत. फगळ्यांकडे आहेत. चाल कुणाकडे आहे?"

मी उठून डबीकडे गेलो, तर शोभनाने हात आडवा केला. "तुम्ही नको. तुम्ही बाहेर." तिने शंतनुला फोन लावला, एकेक गोष्ट विचारून घेतली, इनपुट स्वतः निवडला, दोनदा तपासला. एक माइक नानांसमोर, पेटीजवळ. ह्या वेळी नाना हातभर लांब नव्हते, अगदी जवळ सरकले होते. मला दाराबाहेर काढून तिने आतून कडी लावली.

मी जिन्यात पायरीवर बसलो. पायात चपलासुद्धा नव्हत्या. देवेंद्रजी खालून वर येत होते, मला बघून थांबले आणि शेजारी बसले. दारातून शब्द कळत नव्हते. आधी नानांचा 'आ'कार, मग तीच ओळ शोभनाच्या आवाजात, मग नाना पुन्हा, थोडं वळण बदलून. एक संपली की दुसरी. वरचा सा आला, लागला, नाही लागला, कुणी थांबलं नाही.

मला एकही चाल कधी शिकायची नव्हती. इतकी वर्षं ह्या चाली भिंतीतून, बाथरूममधून, स्कूटरच्या मागून माझ्या कानावर पडल्या आणि मी त्यांच्यावर वैतागत राहिलो. पण आता आतून नाना पुढची ओळ घेणार तर ती कुठे वळणार हे मला आधीच कळत होतं, आणि ती तिथेच वळत होती.

देवेंद्रजींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"भिया," ते कुजबुजले, "चुप रओ. अंदर रिकार्डिंग चल री हे. और तुम गा रिये हो."